तळ्याच्या पोटात शिसे

रविवारी सकाळी फुलचूरहून बाहेर पडणाऱ्या एखाद्या दुचाकीला हल्ली लांबट काळी पिशवी बांधलेली दिसते. पिशवीत घड्या घालता येणारी काठी, रीळ आणि तंगूस, म्हणजे गरीची नायलॉनची दोरी. डिक्कीत ढेपेचा डबा, आणि तंबाखूच्या जुन्या डबीत शिशाचे चार-पाच तुकडे. गोंदिया शहर वाढत वाढत फुलचूरला येऊन चिकटले, तरी गाडी थोडी पुढे गेली की धानाच्या बांध्या, बोड्या आणि तलाव सुरू होतात. तलावांचा जिल्हा हे बिरुद इथे कोणी सरकारी पाटी वाचून शिकत नाही. गरी टाकायला जागा शोधावी लागत नाही, परवानगी मात्र शोधावी लागते. तीही बरेच जण शोधत नाहीत, पण तो विषय पुढे येईल.

या हौशी मंडळींमध्ये वाद रंगतो तो आमिषावर. जवसाची ढेप चांगली की शेंगदाण्याची, राइस मिलमधला बारीक कोंडा भाजून घ्यावा की कच्चाच मळावा, कणकेत बडीशेप घालावी की ओवा, यावर तास-दोन तास सहज जातात. प्रत्येकाचा एक गुप्त मसाला असतो आणि तो सगळ्यांना माहीत असतो. काठी कुठल्या कंपनीची, तंगूस किती किलोची, यावरही मते पक्की असतात. डबीतल्या शिशाबद्दल मात्र कोणी बोलत नाही. आमिष तळाला गेले पाहिजे, म्हणून वजन लावायचे. वजन म्हणजे शिसे. विषय संपला.

तो इथे संपू नये, असे म्हणायला दोन कारणे आहेत. पहिले माशाचे आणि दुसरे तलावाचे. गंमत अशी की ही दोन कारणे एकमेकांशी भांडतात. माशाला वाचवायला जी बांधणी करावी ती तलावाला बाधते, आणि तलावाला जपायला जावे तर मासा अडकतो. या भांडणातून निघण्याची एकच वाट आहे, आणि ती गोंदिया जिल्ह्यात जवळजवळ फुकट मिळते.

आधी मासा. मामा तलावात, म्हणजे माजी मालगुजारी तलावात, आज जे मोठे मासे मिळतात त्यांत बहुतेक कार्प जातीचे असतात. रोहू, कतला, मृगल हे तीन देशी. चंदेरी, गवत्या आणि सायप्रिनस हे बाहेरून आलेले. सायप्रिनस म्हणजे ज्याला कॉमन कार्प म्हणतात तो. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना देशी कार्प माशांचे प्रेरित प्रजनन करण्यात यश आले. तोवर बीज नदीतून गोळा करावे लागे. त्यानंतर ते हॅचरीत तयार होऊ लागले, आणि गावोगावच्या तलावांत दर पावसाळ्यात बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, सोडण्याची रीत पडली. म्हणून १० जुलै हा देशात राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात.

कार्प माशांच्या जबड्यात दात नसतात. दात असतात ते घशात. हा मासा आमिषाचा लचका तोडत नाही. तो ते तोंडाने ओढून घेतो, चाचपतो आणि नको वाटले तर फुंकून बाहेर टाकतो. आणखी एक गोष्ट फुलचूरच्या माणसाने लक्षात घेतली तरी डबीतले अर्धे शिसे घरी राहील. ती म्हणजे प्रत्येक मासा वेगळ्या थरात जेवतो. कतल्याचे तोंड वरच्या बाजूला वळलेले. तो पृष्ठभागाजवळचे सूक्ष्म जीव खातो. त्याच्यासाठी तळाला शिसे टाकून बसणे म्हणजे माडीवरच्या पाहुण्याचे ताट तळघरात मांडणे. त्याला तरंगता बोंडा हवा, वजन जेमतेम. रोहू मधल्या थरातला, पण ओठाला झालर असलेला, खाली उतरून चरणारा. मृगल आणि सायप्रिनस हे खरे तळाचे. सायप्रिनस तर चिखल उकरून खातो. वजनाची खरी गरज आहे ती या शेवटच्या दोघांसाठी, आणि थोडीफार रोहूसाठी.

आता वजन कसे बांधायचे, हा प्रश्न. जगभरच्या कार्पवाल्यांनी यावर भरपूर डोके लढवले आहे. ढोबळमानाने तीन रीती आहेत.

सर्वांत जुनी सरकत्या वजनाची. शिशाला भोक असते, तंगूस त्यातून ओवलेली असते आणि गाठीला धक्का लागू नये म्हणून मध्ये एक मणी. मासा आमिष घेऊन चालू लागला की तंगूस भोकातून सरकते, वजन जागीच राहते आणि टोक हलल्याचे काठीवर कळते. माणसाने हिसका द्यायचा. यात मासा हुशार ठरण्याची शक्यता असते, कारण वजनाचा भार जाणवण्याआधी तो आमिष थुंकू शकतो. पण तंगूस वर कुठे तुटलीच, तर ती भोकातून निसटते, शिसे तळाला पडते आणि मासा मोकळा होतो. तंगूसला मध्ये दुसरी गाठ नसली तर, एवढे मात्र पाहिले पाहिजे. गाठ भोकात अडकली की सगळे मुसळ केरात.

दुसरी रीत इंग्लंडमधून पसरली. शिसे पक्के बांधायचे, आणि तेही चांगले जड, साठ-ऐंशी ग्रॅमचे. मासा आमिष ओढतो, गळाचे टोक ओठाला टोचते, तो दचकून पळतो आणि पळताना त्या जड वजनामुळे गळ आपोआप रुततो. माणूस चहा पीत असला तरी चालते. १९८० च्या सुमारास लेनी मिडलटन आणि केविन मॅडॉक्स या दोघांनी आमिष थेट गळावर न लावता गळाच्या बुडाशी बारीक केसासारख्या दोऱ्यावर लोंबते ठेवण्याची युक्ती काढली. तिची आणि या जड शिशाची जोडी जमली आणि इंग्लंडमधली कार्पची मासेमारी बदलून गेली. आता या युक्तीच्या चित्रफिती गोंदियातला मुलगाही मोबाइलवर पाहतो आणि तसेच साहित्य घरपोच मागवतो.

त्या चित्रफितीत जे दाखवतात ते इथे तसेच्या तसे उचलले की गडबड होते. पक्के बांधलेले शिसे घेऊन मासा कमळाच्या देठांत शिरला आणि तंगूस तुटली, तर पुढे काय? शिसे देठांत, बेशरम नावाच्या झुडपाच्या मुळांत किंवा जुन्या जाळ्याच्या तुकड्यात अडकते. मासा हातभर दोरीला बांधल्यासारखा तिथेच राहतो. दावणीला बांधलेले जनावर मालक विसरून गेला तर त्याचे जे होईल, तेच त्याचे होते. इंग्लंडमध्ये मासा पकडून परत सोडतात, म्हणून त्यांना त्याची काळजी, आपण तर खाणारे, असा युक्तिवाद इथे हमखास होतो. तो उलटा आहे. खाणाऱ्यालाच या माशाची जास्त काळजी हवी. देठांत बांधून मेलेला तीन किलोचा रोहू कोणाच्याच ताटात जात नाही. बोटुकलीचे पैसे भरलेल्या मच्छीमार संस्थेच्या हिशेबातून मात्र तो वजा होतो.

म्हणून तिसरी रीत निघाली, सुटणाऱ्या वजनाची. शिसे प्लॅस्टिकच्या एका छोट्या चिमट्यावर अडकवायचे आणि वरून रबराची टोपी बसवायची. वजन कशात अडकले आणि मासा ओढू लागला की टोपी सरकते आणि शिसे गळून पडते. टोपी जोरात दाबून बसवली तर ती सरकत नाही, आणि मग चिमटा असून नसल्यासारखा. गाळाच्या तळासाठी याच कल्पनेचा आणखी एक प्रकार आहे. त्यात वजन तंगूसच्या अगदी टोकाला असते आणि गळाचा दोर त्याच्या वर मण्यांच्या मध्ये फिरता ठेवतात. वजन गाळात रुतले तरी आमिष वर राहते. त्यातही वरचा मणी ओढ बसताच निसटला पाहिजे. तो घट्ट असेल तर सगळे शिसे माशाच्या गळ्यात.

सुरक्षित बांधणीची कसोटी या सगळ्यातून एकच निघते. तंगूस तुटली तर माशाकडे गळाखेरीज काही उरता कामा नये. वजन सुटले पाहिजे. इथवर कार्पवाले सगळे एकमताने सांगतात आणि ते बरोबरच आहे.

पण सुटलेले वजन जाते कुठे? तळ्यात. आणि इथून दुसरे भांडण सुरू होते.

इंग्लंडमध्ये ते चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच झाले. थेम्स आणि इतर नद्यांवरचे राजहंस एकामागून एक मरू लागले. मान वाकडी होऊन, खंगून. शवविच्छेदनात त्यांच्या पोटात मासेमारीचे बारीक शिसे सापडले. त्याचे कारण पक्ष्याच्या पचनात आहे. हंस-बदकांना दात नाहीत, म्हणून ते तळाचे बारीक खडे गिळतात. पोटातल्या स्नायूंच्या जात्यात त्या खड्यांनी अन्न दळले जाते. खडा आणि शिशाची गोळी यांतला फरक त्यांना कळत नाही. जात्यात शिसे झिजते, आम्लात विरघळते आणि रक्तात जाते. शेवटी १ जानेवारी १९८७ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये ०.०६ ग्रॅमपासून २८.३५ ग्रॅमपर्यंतची शिशाची वजने मासेमारीसाठी बंद झाली. त्यानंतर राजहंसांची संख्या सावरली. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्याने लून नावाच्या पाणपक्ष्यासाठी २००० पासून तलावांवर लहान शिशांना बंदी घातली. डेन्मार्कने तर मासेमारीतले शिसेच २००२ पासून हद्दपार केले.

इंग्लंडच्या बंदीतली वरची मर्यादा लक्ष देण्याजोगी आहे. २८.३५ ग्रॅम म्हणजे एक औंस. त्याहून मोठा तुकडा हंसाला गिळता येत नाही, म्हणून तो कायद्यातून सुटला. कार्पची जड शिसी या फटीतून आजवर चालत आली. चिमट्यातून दर माशागणिक एक शिसे तळ्याला अर्पण करायचे आणि वर माशाची काळजी घेतली म्हणून पाठ थोपटून घ्यायची, असा तिकडचा व्यवहार. त्याला सुरक्षित म्हणणे म्हणजे घर झाडून कचरा शेजाऱ्याच्या अंगणात लोटणे.

गोंदियात तर मोठ्या शिशाचा बचावही लागू पडत नाही. इथल्या डबीत जे असते ते बहुतेक पाच-दहा ग्रॅमचे, पट्टीचे तुकडे वळून आणि ठोकून केलेले. हिवाळ्यात इथल्या तलावांवर स्थलांतरित बदके उतरतात, परसवाड्यासारख्या तलावांवर ती पाहायला माणसे जातात. आणि सारस तर या जिल्ह्याची ओळखच. महाराष्ट्रात सारस उरला आहे तो मुख्यतः गोंदियात आणि थोडाफार शेजारच्या भंडाऱ्यात. तो धानाच्या बांध्यांत आणि तलावाच्या काठच्या उथळ चिखलात चोच खुपसून कंद, किडे, गोगलगाई उकरतो. वीजवाहिन्या आणि कीटकनाशके यांनी त्याला आधीच घेरले आहे. त्याच्यासाठी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला स्वतःहून लक्ष घालावे लागले. अशा पक्ष्याच्या चिखलात आपण होऊन शिसे पेरायला हौस हे कारण पुरेसे नाही.

खरे तर इतके शिसे इथे लागतच नाही. इंग्लंडचे कार्पवाले शंभर मीटरवर आमिष फेकतात. तिथले तळे खोल, काठ मोकळा, मासा शहाणा झालेला. मामा तलाव उथळ असतो. उन्हाळ्यात तर अर्धा तलाव कोरडा पडून उरलेल्यात गुडघाभर पाणी आणि त्याखाली गाळ. अशा गाळात शिशाचा जड गोळा टाकला की तो आमिषासकट बुडतो. वरून मासा फिरत राहतो आणि खाली ढेप कुजत राहते. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, बसलेला माणूस म्हणतो, आज मासाच नाही.

दगड इथे कामाला येतो. चपटा, बोटभर जाडीचा, नदीच्या वाळूत मिळतो तसा. चपटा असल्यामुळे तो गाळावर टेकतो, आत रुतत नाही. दगड हलका पडतो, ही तक्रार अर्धी खरी आहे आणि तिचा हिशेब करता येतो. शिशाची घनता पाण्याच्या सुमारे ११.३ पट, लोखंडाची ७.९ पट, साध्या दगडाची २.७ पट, भाजलेल्या मातीची साधारण दुप्पट. म्हणजे हवेत ६० ग्रॅमचे शिसे पाण्यात ५५ ग्रॅम भरते, ६० ग्रॅमचे लोखंड ५२, दगड ३८ आणि विटेचा तुकडा ३०. शिशाइतकाच भार पाण्यात हवा असेल तर ६० ऐवजी ८७ ग्रॅमचा दगड घ्यावा लागतो. दीडपट. लोखंडाचे तर तेवढेही नाही. सायकलच्या दुकानात पडलेला जुना नट शिशापेक्षा जेमतेम तीन ग्रॅमने कमी पडतो. फेकताना दगडाला वारा जास्त लागतो, हे कबूल. पण पंचवीस-तीस पावलांवर टाकायचे असेल तर त्याने काही बिघडत नाही.

बांधणीही सोपी आहे. तंगूसला एक छोटी कडी, कडीला सुती दोऱ्याने दगड. दोरा तंगूसपेक्षा स्पष्ट कच्चा पाहिजे. तंगूस पाच किलोची ओढ सोसत असेल तर दोरा दोन किलोला तुटावा. दगड कमळाच्या देठात अडकला तर दोरा तुटतो, मासा हाती येतो. तंगूसच तुटली तरी मासा दोन हिसक्यांत दगडापासून सुटतो, आणि नाहीच सुटला तरी सुती दोरा पाण्यात कुजतो. नायलॉनचा दोरा लावला तर हे सगळे व्यर्थ, कारण तो कुजत नाही. दगड तळ्यात राहिला तर तळ्यात आणखी एक दगड, बस. बदकाने लहान खडा गिळला तरी तो त्याच्या जात्यात कामालाच येईल. माशाचे आणि तलावाचे भांडण इथे मिटते.

पाळीवर जाण्याआधी याची परीक्षा घरीच करावी. गळाचे टोक कापडात गुंडाळून कुंपणाच्या खांबाला बांधायचे, दगड एखाद्या फटीत अडकवायचा आणि काठीने नव्हे, हाताने तंगूस ओढायची. आधी दगडाचा दोरा तुटला तर बांधणी बरोबर. आधी तंगूस तुटली तर तो दोरा फेकून द्यायचा आणि आणखी कच्चा लावायचा. चिमट्याच्या बांधणीचीही परीक्षा हीच.

दगडाच्याही पुढे जाणारी एक रीत आपल्याकडे आधीपासून आहे, आणि तिला कोणी तंत्रज्ञान म्हणत नाही म्हणून तिची किंमत कळत नाही. ढेप आणि कोंड्याचा मोठा, लाडवाएवढा गोळा वळायचा आणि त्याच्याभोवती गळ टोचून टाकायचा. हा गोळाच वजन असतो. तो पाण्यात फुगतो, विरघळतो, त्याच्या वासाने रोहू येतात, आणि अर्ध्या तासात वजनच नाहीसे होते. माशाला ओढायला काही उरत नाही, तळाला पडायला काही उरत नाही. याहून सुरक्षित वजन इंग्लंडच्या कुठल्याही दुकानात मिळणार नाही. दोष आहे तो गळांच्या घोसाचा. काही जण एका गोळ्याला पाच-सहा गळ टोचतात. एक तोंडात रुतला की बाकीचे माशाच्या कल्ल्यात, पोटात किंवा देठात घुसतात, आणि तंगूस तुटली की तोच घोस पाणकोंबडीच्या पायाला. एक गळ, फार तर दोन, एवढे पथ्य पाळले तर ही देशी रीत बिनतोड आहे.

या चर्चेत ढिवरांकडे, म्हणजे पिढीजात मासेमारांकडे, बोट दाखवले जाते आणि ते थांबवले पाहिजे. फेकजाळ्याच्या घेराला शिसे असते, लावायच्या जाळ्याच्या खालच्या दोरीलाही असते, आणि एका जाळ्यात हौशी माणसाच्या वर्षभराच्या डबीहून जास्त असते. हे खरे. पण जाळे दर फेकीला परत येते. ते तुटले तर घरी बसून विणले जाते, कारण त्यावर चूल चालते. डोंग्यातून जाळे लावणारा माणूस शिसे तळ्यात टाकून येत नाही. टाकून येतो तो रविवारचा पाहुणा, ज्याची तंगूस तुटते आणि जो दुसरी जोडून मोकळा होतो. जाळ्यांचे शिसेही कधी बदलावे लागेल, पण पाळी आधी त्याची, ज्याचे पोट त्यावर नाही.

शिवाय जाळ्याला शिसेच लागते असेही नाही. गुजरातेत लोथलच्या उत्खननात हडप्पा काळातली भाजलेल्या मातीची जाळ्याची वजने सापडली आहेत. मधोमध भोक, हाताने वळलेली. चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वी ज्या वजनावर मासे पकडले गेले ते आजच्या कुंभाराच्या भट्टीतही भाजता येते. गोंदिया-भंडाऱ्याच्या कुंभारांना असे भोकाचे मणी करायला सांगितले तर त्यांना नवे काही शिकावे लागणार नाही. आकार एकसारखा, वजन ठरलेले, किंमत चिल्लर. हौशी माणसाला दगड शोधायचा कंटाळा असेल, आणि तो असतोच, तर हे मणी त्याच्यासाठी.

शिशाचा तिसरा धोका तळ्यात नाही, घरात आहे. शिसे ३२७ अंश सेल्सियसला वितळते, म्हणजे चुलीवरच्या लोखंडी पळीतही. जुन्या बॅटरीचे शिसे वितळवून वाळूच्या साच्यात ओतणे हा अनेक घरांत सहज होणारा उद्योग आहे. धूर आणि राख नाकातोंडात जाते, घरातली मुले आजूबाजूला खेळत असतात. मोठी माणसे शिशाचा तुकडा तंगूसवर बसवायला दातांनी चावतात आणि मुले ते पाहून शिकतात. लहान मुलांच्या मेंदूवर शिशाचा परिणाम होतो आणि तो भरून येत नाही. सुरक्षित म्हणावी अशी शिशाची पातळीच नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालानुसार जगातल्या दर तीन मुलांपैकी एकाच्या रक्तात काळजी करण्याइतके शिसे आहे. भारताने पेट्रोलमधले शिसे २००० साली काढले, घरगुती रंगांतल्या शिशावर नोव्हेंबर २०१७ पासून दशलक्षात ९० भागांची मर्यादा आणली. गरीच्या डबीकडे मात्र कोणाचे लक्ष गेलेले नाही. एवढीशी डबी, म्हणून. पण तंबाखूच्या डबीत शिसे ठेवून त्याच बोटांनी डब्यातली भाकर मोडणारा माणूस आकडेवारीची वाट कशाला पाहील?

दुसऱ्या बाजूचे म्हणणेही नीट ऐकले पाहिजे. शिसे स्वस्त आहे, मऊ आहे, हाताने वळते, गंजत नाही. तळ्याच्या साध्या पाण्यात धातूचे शिसे फार हळू विरघळते, आणि एका डबीने तलाव विषारी होत नाही. हे सगळे बरोबर आहे. पण हंसांचे उदाहरण पाण्यात विरघळलेल्या शिशाचे नव्हतेच. ते गिळलेल्या गोळीचे होते, आणि गिळायला एकच गोळी पुरते. शिवाय शिसे कुजत नाही, त्यामुळे दर रविवारचा हिशेब तळाला साठत जातो. ज्या तलावाचा गाळ काढून शेतात टाकायची आपल्याकडे रीत आहे, तिथे ते तळाला राहील याचीही खात्री नाही. गाळमुक्त धरणाच्या योजनेतून काढलेल्या सुपीक गाळासोबत ते धानाच्या बांधीतही जाऊ शकते.

हे तलाव कोणी बांधले, हे इथल्या माणसाला सांगावे लागत नाही. कोहळी समाजाने गोंड राजवटीपासून पिढ्यान्‌पिढ्या पाळी घातल्या, नवेगाव बांधसारखा जलाशय उभा केला. मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, १९५१ मध्ये गेली, तलाव सरकारकडे आले आणि नावात 'माजी' उरले. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून नवेगावला राहिले तेव्हा त्यांनी तिथल्या ढिवरांकडून मासे आणि पाणपक्ष्यांची कितीतरी नावे, सवयी टिपून घेतल्या. त्यातून मराठीला पाण्याकाठची एक वेगळी भाषा मिळाली. अलीकडे भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर समाजासोबत काम करून काही तलावांतला बेशरम उपटला, स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावल्या, देशी माशांना जागा करून दिली. तलाव जिवंत करायला गावच्या बाया चिखलात उतरतात आणि शहराचा पाहुणा त्याच चिखलात शिसे सोडून जातो, हे चित्र काही शोभणारे नाही.

याला मोठा कायदा लागत नाही. मुंबईत पवई तलावावर हौशी मासेमारांची संघटना आहे, तिचे सभासदत्व आणि तिचे नियम आहेत. गोंदियात तलाव मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात. काठी घेऊन येणाऱ्याने संस्थेला विचारायचे असते आणि तिथेच ही गोष्ट सुटू शकते. संस्थेने रविवारच्या पाहुण्याला एक पावती द्यावी. त्यावर तीन ओळी असाव्यात: शिसे आणू नये, वजनाचा दोरा तंगूसपेक्षा कच्चा असावा, तुटलेली तंगूस सोबत परत न्यावी. पावतीचे चार पैसे बोटुकलीच्या खर्चाला लागतील. मत्स्यव्यवसाय विभागाने आणि जिल्हा परिषदेने एवढेच करावे की ठेक्याच्या अटींत हा अधिकार संस्थेला स्पष्ट लिहून द्यावा. पाळीवर शिशाची डबी तपासत बसणे विभागाला जमणार नाही, आणि ते त्याचे कामही नव्हे. संस्थेच्या माणसाला मात्र कोण कुठे बसला आहे हे पाळीवर आल्या आल्या दिसते.

फुलचूरच्या गरीवाल्यांनी ठेक्याची अट बदलायची वाट पाहू नये. येत्या रविवारी ती डबी भंगारवाल्याला द्यावी. शिशाला भंगारात भाव मिळतो. त्या पैशांत सुती दोऱ्याचे रीळ येते. आणि पाळीवर पोहोचल्यावर आधी संस्थेच्या माणसाला विचारून मगच काठी उघडावी.